चार डिग्री नाना

नाना कुणाच्याही घरी गेले की माणसांच्या आधी फ्रीजची खुशाली विचारत. "काय, बरं हाय का?" असं ते दारातून म्हणत आणि घरातलं कुणी "बरं आहे की नाना" म्हणालं, की लगेच, "तुजं न्हाई इचारलं. त्याचं इचारलं," आणि बोट कोपऱ्यातल्या फ्रीजकडे. मग सदऱ्याच्या खिशातून चष्म्याचं जुनं घर निघे. त्यात चष्मा नसे, वीतभर लांबीचा, लाल रेघेचा, दुधात घालायचा थर्मामीटर असे. तो मधल्या कप्प्यात ठेवायचा, दार लावायचं आणि दहा मिनिटं हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. रेघ चारच्या खाली आली तर नाना घरच्या बाईला शाबासकी देत. वर राहिली तर त्या दिवशी त्या घराची धडगत नसे.

नाना जाऊन आता तीन वर्षं झाली. तरी आमच्या गल्लीत कुणी फ्रीजचं दार उघडं ठेवून विचार करत उभं राहिलं, की मागून कुणीतरी म्हणतंच, "नाना बघतायत हं!"

आळेफाट्याजवळच्या एका दूध शीतकरण केंद्रात नानांनी सगळी नोकरी काढली. गावोगावचं दूध कॅनमधून यायचं, ते टाकीत घालून चार डिग्रीवर आणायचं आणि टँकरमध्ये भरून द्यायचं, हे काम. चारचं सहा झालं तर साहेबांची बोलणी आणि आठ झालं तर टँकरभर दूध आंबायची भीती. नाना निवृत्त झाले, पण त्यांच्या डोक्यातली चार डिग्री काही निवृत्त झाली नाही. तोवर गावात घरोघर फ्रीज आले होते, आणि ते कसे वापरतात हे पाहून नानांना निवृत्तीनंतरचं काम आयतं सापडलं.

आमच्या गावात फ्रीज स्वयंपाकघरात ठेवत नाहीत, बैठकीत ठेवतात. एवढा पैसा घालून घेतलेली वस्तू आल्या-गेल्याला दिसायला नको का? त्याच्या डोक्यावर विणलेला रुमाल, रुमालावर प्लास्टिकची फुलं, फुलांत गणपती. त्यामुळे नानांची पाहणी सोपी होती. चपला दारात काढल्या की तीन पावलांवर फ्रीज.

शेजारच्या पोपटभाऊंच्या फ्रीजचं दार नानांनी पहिल्यांदा उघडलं तो दिवस गल्लीला चांगला आठवतो. वरच्या कप्प्यात टोमॅटोच्या बियाण्याची पाकिटं, मधे द्राक्षाच्या फवारणीची बाटली, तिला टेकून दुधाचं पातेलं, आणि त्यावर झाकणसुद्धा नाही.

"पोपट, ह्यो फ्रीज हाय का कृषी सेवा केंद्र?"

"नाना, बियाणं गार जागंला ठिवायचं आसतं, राव."

"बियाण्याचं म्हनत न्हाई मी. ती बाटली बघ. एक दिवस बायकू चहात वतंल, मंग तुलाच कोंब फुटतील."

बाटली त्याच दिवशी गोठ्यामागच्या खोलीत कुलपाआड गेली. बियाणं डब्यात बंद होऊन खालच्या कोपऱ्यात गेलं. पोपटभाऊ आठवडाभर फुगून होते, पण बाटली पुन्हा आत आली नाही.

नानांचं एक वाक्य आम्हा बायकांना पाठ होतं. "फ्रीज म्हंजी वैद्य न्हवं, राखणदार हाय. जसं त्याच्या ताब्यात द्याल तसंच तो माघारी देनार." दुपारभर ओट्यावर राहिलेली आमटी संध्याकाळी फ्रीजमध्ये ढकलली म्हणजे ती सुधारते, अशी आमची सगळ्यांची श्रद्धा होती, ती त्यांनी मोडून काढली. दुसरं वाक्य नाकाबद्दलचं. झाकण उघडून वास घ्यायचा आणि "चांगलं आहे" म्हणायचं, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची प्रयोगशाळा. नाना म्हणत, "नाकावर इश्वास ठिऊ नका. वास येतो तवा लई येळ झालेला आसतो."

मटार स्वस्त झाले की नानांचा वर्ग त्यांच्या अंगणात भरे. दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, मग फडक्यावर कोरडे करून लहान लहान पिशव्यांत. मोठी पिशवी केली की नाना रागवत, कारण मोठी पिशवी एका वेळी संपत नाही आणि मग उरलेले मटार पुन्हा गोठवायचा मोह होतो. "एकदा मांडवात उतरलेला नवरदेव परत घोड्यावर बसवत न्हाईत," असं ते म्हणत. त्यांच्या घरच्या प्रत्येक डब्यावर तारीख आणि केंद्रातल्या सवयीने पाळीसुद्धा लिहिलेली असे: "वांगं, बुधवार, संध्याकाळ." त्यांच्या बायकोला आम्ही नानी म्हणायचो. त्या एकदा वैतागून म्हणाल्या, "आता माज्या कपाळावरबी तारीख घाला!" नाना गंभीरपणे म्हणाले, "तुजी तारीख मला पाठ हाय. लग्नाला उशीर तूच केलावता."

आणि तो रुपया! वाटीभर पाणी फ्रीजरमध्ये गोठवायचं आणि त्या बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवायचं. परगावी जाऊन आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. बुडालेलं असेल तर मागे वीज गेली होती, बर्फ वितळला होता आणि पुन्हा गोठला, म्हणजे आतलं मटणही वितळून पुन्हा गोठलं. पोपटभाऊ सहकुटुंब तीन दिवस लग्नाला जाऊन आले तेव्हा रुपया तळाला गेला होता. नानांनी फ्रीजरमधली अख्खी कोंबडी टाकायला लावली.

"नाना, रुपया बुडाला म्हनून कोंबडी बुडवता व्हय?"

"कोंबडी बुडाली तर बुडू दे. मानूस बुडाया नको."

आता आमच्या घराचं सांगते. ते सांगताना मला अजून जरा अवघडायला होतं.

माझं माहेर शिनोलीचं. लग्न होऊन इकडे आले तेव्हा सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, दोन गोष्टींचा अभिमान होता. एक, बेसनाच्या पोळीत सारण भरून केलेली हातची मासवडी. दोन, आपला फ्रीज बैठकीत नाही, आत आहे. स्वयंपाकघरात बाहेरचं माणूस येत नाही, हा आमच्या घरचा नियम. तो आत्यांच्या थोरल्या जाऊबाईंनी, आक्कांनी, घालून दिलेला. आक्का वेगळ्या राहत, पण त्यांचा धाक आमच्या चुलीपर्यंत पोचलेला होता.

त्यामुळे नाना आमच्याकडे दारापुढच्या ओट्यावरच थांबत. "बस नाना, वट्यावर बस," असं आत्या म्हणत. थर्मामीटर मी आत नेई, फ्रीजमध्ये ठेवी आणि दहा मिनिटांनी बाहेर आणून देई. बाहेर येईपर्यंत रेघ हलायची. त्यातून ती रेघ मला नीट दिसत नसे. ती एका ठरावीक कोनात धरली तरच दिसते आणि तो कोन मला कधी साधला नाही. म्हणून मग नाना ओट्यावर ती उन्हात तिरकी धरून वाचत आणि म्हणत, "तेरा. तुमच्या उंबऱ्याचे दोन वजा. अकरा." पुढे पुढे ही वजाबाकी नेहमीची झाली. मी हसायची. वर नाना मला म्हणत, "तुज्या सासूचा फ्रीज म्हंजी गाभाऱ्यातला देव. आमाला दर्शन लांबूनच."

मी चहा विचारला की ते म्हणायचे, "सोडलाय गं." मला वाटायचं, पित्ताचा त्रास असेल. एक दिवस पोपटभाऊंकडे गेले तर नाना बशीत ओतून दुसरा कप भुरकत होते. घरी येऊन मी यांना विचारलं. हे खाली बघून म्हणाले, "नानांचं घर बौद्धवस्तीत आहे ना. आईला ते... जाऊ दे." तेव्हा मला उंबऱ्याच्या दोन डिग्री कळल्या. गॅस सिलिंडर आणणारा थेट शेगडीपर्यंत यायचा. दिवे दुरुस्त करणारा स्टुलावर चढून आमच्या डब्यांच्या फळीला हात टेकायचा. ते बाहेरचे नव्हते. बाहेरचे फक्त नाना. आणि हे कळल्यावरही मी दोन वर्षं तो थर्मामीटर आत-बाहेर करत राहिले, तोंड उघडलं नाही. नव्या सुनेने कशाला बोलायचं, अशी स्वतःची समजूत घातली. त्याची लाज मला आजही वाटते.

आमच्या फ्रीजच्या अकरा डिग्री का, याचं कारण सगळ्या घराला माहीत होतं. आत्या रोज झोपायला जाताना फ्रीजचं बटण बंद करत. बैल रात्री सोडतो, मोटार रात्री बंद करतो, मग या बिचाऱ्याने काय पाप केलंय? "दिसभर घुरघुरतंय. त्यालाबी इसावा पायजे," असं त्यांचं म्हणणं. नानांनी ओट्यावरून अनेकदा समजावलं, की वैनी, राखणदाराला रात्री घरी पाठवून कसं चालंल? आत्या हो म्हणत आणि रात्री बटण बंद करत.

मग शोभाचं डोहाळजेवण आलं. शोभा माझी नणंद. पहिल्या खेपेला तिचा पाचव्या महिन्यात गर्भपात झाला होता, आणि त्यानंतर चार वर्षांनी ही आस लागलेली. सातवा महिना सुखरूप लागला तेव्हा आत्यांनी ओझरच्या गणपतीला जाऊन नारळ फोडला आणि शोभाला माहेरी आणलं. डोहाळजेवण रविवारी. शोभाला बासुंदी हवी होती. आत्यांनी शुक्रवारी दिवसभर वीस लिटर दूध आटवलं, कुणाला ढवळूही दिलं नाही. दिवेलागणीला ते मोठं पातेलं तसंच ऊन-ऊन फ्रीजमध्ये चढवलं. त्यासाठी दोन कप्पे काढावे लागले. आणि रात्री, सवयीने, बटण बंद.

शनिवारी सकाळी नाना ओट्यावर आले. मी कौतुकाने बासुंदीचं सांगितलं.

"कशात ठिवली?"

"मोठ्या पातेल्यात."

"गार करून?"

मी नकारार्थी मान हलवली.

"अन् रातच्याला बटन?"

मी बोटाने बंद केल्याची खूण केली. नानांनी हसता हसता खिशात घातलेला हात तिथेच थांबला. त्यांना इतकं गंभीर मी कधी पाहिलं नव्हतं. थर्मामीटर माझ्या हातात देऊन म्हणाले, "गरम पान्यानं धू. पातेल्याच्या मधोमध बुडव, कडंला न्हाई. मोजून दोन मिन्टं."

मी बाहेर आणून दिला. नानांनी तिरका धरला. "अठ्ठावीस." तोवर आत्या दारात आल्या होत्या.

"काय झालं?"

"वैनी, बासुंदी वतून टाका."

आत्यांना वाटलं, नाना चेष्टा करतायत. मग त्या तडक आत गेल्या, चमचाभर बासुंदी घेऊन आल्या, नानांच्या देखत वास घेतला, चाखली. "वास न्हाई, आंबूस न्हाई. वीस लिटर दूध हाय हे, नाना! भायेर आनेस्तवर तापला आसंल तुजा थरमामीटर. तूच न्हाई का दोन वजा करत?"

नाना शांतपणे म्हणाले, "करतो की. आज किती वजा करू सांगा. दोन? धा? पोटुशी पोर हाय. तिला आपल्यासारखं न्हाई सोसत. वट्यावरून मला खरं दिसत न्हाई वैनी, आन् खोटं मी सांगनार न्हाई. खरं काय त्ये आत हाय."

शोभा मधल्या दारात येऊन उभी राहिली होती, एक हात पोटावर. आत्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग फ्रीजकडे, मग समोरच्या रस्त्याकडे, आक्का तर येत नाहीत ना म्हणून. खरं तर मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. पण त्याआधी आत्याच बोलल्या.

"आत या, नाना."

रोजचं "बस" नव्हे, "या". नानांच्या ते लक्षात आलं असणार, पण त्यांनी चेहऱ्यावर दाखवलं नाही. नळावर हातपाय धुतले, धोतराला हात पुसले आणि आत गेले. पातेलं खाली उतरवायला लावून थर्मामीटर आधी कडेला धरला, मग मधे. स्वतः वाचला नाही. आत्यांना जवळ बोलावलं, काच खिडकीकडे तिरकी केली.

"तुमीच वाचा. लाल रेघ कुटं हाय?"

आत्या चौथी शिकलेल्या. चष्मा वर करून म्हणाल्या, "सव्वीस."

"किती पायजे?"

"चार," आत्या म्हणाल्या. ते तर गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

"कडंला गार, पोटात ऊन. रातभर आसंच. गुन्हा तुमचा न्हाई, ह्या खोल पातेल्याचा हाय," नाना म्हणाले. बटणाचं नाव त्यांनी काढलं नाही. ते आत्यांनीच काढलं. "आन् माजा," त्या म्हणाल्या. दुधाच्या थेंबाला पाय लागला तर डोळ्यांना हात लावणारी ती बाई, पण ते पातेलं मला आणि यांना धरायला लावून स्वतः पुढे होऊन परसात गेली आणि खड्डा करून बासुंदी मातीआड केली. डोळे पुसत परत आली आणि म्हणाली, "आता उद्या पोरीला काय वाढू?"

नानांनी तोवर फोन लावलेला होता. केंद्रातल्या जुन्या सोबत्याने तासाभरात मोटारसायकलवर दोन कॅन दूध पोचतं केलं. दूध पुन्हा आटलं. या वेळी बासुंदीचं पातेलं गार पाण्याच्या घंगाळात ठेवून नानांनी बर्फ टाकला आणि आत्यांना ढवळायला बसवलं. कोमटपणा गेल्यावर ती पसरट डब्यांतून बोटभर उंचीची ओतली. तिला जागा करायला फ्रीजमधून काय काय निघालं म्हणून सांगू! मसाल्याच्या बाटल्या, पापडाची पाकिटं, दोन वर्षांपूर्वीचा एका लग्नातला लाडू. नानांनी तो लाडू शेगडीच्या ओट्यावर ठोकून पाहिला. "वैनी, ह्याला आता भिंतीत बसवा." आत्या दिवसभरात पहिल्यांदा हसल्या.

चारच्या सुमाराला आत्यांनी चहा टाकला. सगळ्यांना दिला, नानांनाही. आमच्याच कपांतला कप, आमच्याच चुलीपाशी. नानांनी तो घेतला, बशीत ओतला, फुंकर मारली आणि भुरका मारला.

आत्या चाचरत म्हणाल्या, "तुमी चहा सोडला व्हता न्हवं?"

"चहा न्हाई सोडला, वैनी," नाना म्हणाले. "तुमच्या घरचा सोडला व्हता."

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. फ्रीजचा आकडा सांगावा तसं सांगितलं. आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "साखर बराबर हाय का?"

"बेस हाय," नाना म्हणाले आणि कप पुढे केला. "आजून आसंल तर द्या."

रविवारी शोभाने दोन वाट्या बासुंदी खाल्ली. दिवस भरल्यावर मुलगी झाली, ठणठणीत. आता ती शाळेत जाते आणि बासुंदीकडे बघतसुद्धा नाही. फ्रीज आमचा आतच राहिला, पण नाना मात्र सरळ आत येऊ लागले. आत्या बाहेर असल्या तरी येत आणि तारीख नसलेले डबे काढून शेगडीच्या ओट्यावर रांगेने मांडून जात. आत्या घरी येऊन ती रांग बघत आणि नानांच्या नावाने खडे फोडत.

चारेक वर्षांनी नानांच्या मुलाने, रवीने, चाकणला फ्लॅट घेतला आणि आई-वडिलांना न्यायचं ठरवलं. जायच्या आधी नाना निरोप घ्यायला आले. आत्या भाकरी थापत होत्या. तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "नाना, तुमच्यात जेवाया कवा बोलावताय?"

"बोलावलं व्हतं की. रवीच्या लग्नाची पत्रिका दिली व्हती."

"पत्रिका पोचली व्हती," आत्या म्हणाल्या. "मीच पोचले न्हाई. आता येते."

आणि त्या गेल्या. मी सोबत होते. बौद्धवस्तीतून आम्ही दिवसाढवळ्या, नवी लुगडी नेसून चाललो होतो आणि आत्या दारातल्या प्रत्येक बाईला थांबून सांगत होत्या, "नानांकडं जेवाया चाललोय." नानींनी मासवडी केली होती. मला भीती वाटत होती, कारण मासवडीच्या बाबतीत आत्यांनी आजवर कुणाला पास केलेलं नव्हतं. पहिला घास घेऊन त्या थांबल्या. मग नानींना म्हणाल्या, "माज्यापेक्षा बरी जमलीय. सारनात काय घातलंस?" माझ्या हातातला घास हातातच राहिला. नानी इतक्या खूश झाल्या, की त्यांनी काय घातलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

निघताना आत्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "उरल्यात का गं? डबा भरून दे. सकाळच्याला व्हतील."

नानींनी डबा भरला. नाना भिंतीला टेकून बसले होते. हजार सूचना देणारा तो माणूस त्या दिवशी डब्यावर तारीख घालायचंही विसरला. त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला.

डबा घरी येऊन आमच्या फ्रीजच्या मधल्या कप्प्यात बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांनी वड्या वाफवून गरम केल्या आणि आम्हाला ताटं वाढली. तेवढ्यात आक्का आल्या, परवानगी न लागणाऱ्या पावलांनी थेट आत. वास घेत म्हणाल्या, "वड्या कुनाकडच्या गं? तुज्या न्हाईत ह्या."

आत्यांनी आवाज जरासुद्धा खाली केला नाही.

"नानांच्या घरच्या. कालच्या हायेत, पन चांगल्या हायेत. बसा, तुमालाबी वाढते."

आक्कांनी एकदा वडीकडे पाहिलं, एकदा आत्यांकडे. आत्यांनी ताट मांडलं होतं आणि पळी हातातच धरून ठेवली होती. मग आक्कांनी पाय लांबवून पाट ओढला आणि बसल्या.